रिमोट-चावी चालेना? सेल बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

रिमोटचं बटण दाबूनही गाडी उघडेना झाली की सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर हाताला लागेल तो सेल आणून बसवला जातो, नाही तर ‘प्रोग्रॅमिंग उडालं’ असं ठरवून थेट नव्या चावीची चौकशी सुरू होते. पहिल्या प्रकारात चावी उघडताना सेलला टेकणारी धातूची पट्टी वाकते, चिप घरंगळते किंवा सेल उलटा बसतो, आणि मग मूळ दोष कुठला अन् आपण घातलेला कुठला हे कळायला मार्ग उरत नाही. दुसऱ्या प्रकारात मिनिटभरात सुटणाऱ्या बिघाडापायी नवी चावी घेतली जाते. खालच्या क्रमात पहिले तीन टप्पे चावी न उघडता करायचे आहेत. तेच गाळले जातात आणि पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

## चावीच्या पोटात काय काय असतं

हे कळलं नाही तर पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागणार नाही, म्हणून थोडक्यात.

बटण दाबल्यावर चावी रेडिओ संदेश पाठवते. बहुतेक देशांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर असतो, उत्तर अमेरिका आणि जपानमधल्या अनेक गाड्यांत ३१५ वर. या कामाला सेल लागतोच.

गाडी सुरू करायची परवानगी देणारी इमोबिलायझरची चिप वेगळी असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या किंवा स्टार्ट बटणामागच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती साधारण १२५ किलोहर्ट्‌झवर आपली ओळख सांगते. म्हणजे सेल पार मेला तरी गाडी सुरू करता येते. आणि उलट, चिप हरवली तर बटणं टुणटुणीत असूनही इंजिन उठणार नाही.

स्मार्ट चावी खिशात ठेवून हँडलला हात लावला की गाडीची अँटेना कमी फ्रिक्वेन्सीवर हाक मारते आणि चावी रेडिओवर उत्तर देते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटरपर्यंत पोचते. उत्तर द्यायला पुन्हा सेल हवाच.

यांखेरीज एक साधं धातूचं पातं असतं. ते स्मार्ट चावीतही लपवलेलं असतं, आणि ते आहे हे अनेकांना अडकल्यावरच कळतं.

## आत्ता गाडीबाहेर अडकला असाल तर

दुरुस्ती नंतर, आधी आत शिरा.

१. चावीच्या कडेची छोटी खिटी सरकवून किंवा दाबून पातं बाहेर ओढा.

२. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर कुलपाचं छिद्र दिसत नसेल तर ते प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. टोपीच्या खालच्या कडेला बारीक खाच असते. पात्याचं टोक तिथे घालून हलकेच उचला. काही गाड्यांत हँडल ओढून धरल्याशिवाय टोपी निघत नाही.

३. पात्याने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो. घाबरू नका. गाडीने चावीची चिप ओळखली की तो थांबतो.

४. स्टार्ट बटणाची गाडी असेल तर चावी ठरलेल्या जागी टेकवा. कुठे थेट स्टार्ट बटणाला टेकवायची असते, कुठे चावीनेच ते बटण दाबायचं असतं. काही गाड्यांत कन्सोलमध्ये, कप ठेवायच्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या खालच्या भागावर चावीचं चिन्ह कोरलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक, मॅन्युअलमध्ये क्लच दाबून ठेवा.

तपासा: दार उघडल्यावर आतला दिवा लागला का? डॅशबोर्ड पूर्ण काळा असेल तर बिघाड गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीत आहे आणि चावी निर्दोष असण्याची शक्यता जास्त. टप्पा २ वर जा.

## टप्पा १: नेमकं काय बंद पडलंय ते ठरवा

साधनं काहीच लागत नाहीत, फक्त दुसरी चावी असेल तर ती आणा. सर्वांत मोलाची तपासणी तीच. पण तपासताना पहिली चावी घरात ठेवा, नाही तर गाडीने कोणत्या चावीला प्रतिसाद दिला ते समजणार नाही.

* दोन्ही चाव्या बंद: दोष गाडीकडे किंवा आजूबाजूच्या अडथळ्यात. चावी उघडू नका.
* एकच चावी बंद: दोष त्या चावीत. टप्पा २ आणि ३ भराभर उरकून टप्पा ४ गाठा.
* बटणं बंद, पण किल्ली फिरवून किंवा टेकवून गाडी सुरू होते: चिप ठीक आहे. सेल, त्याच्या पट्ट्या, बटणाचा स्विच, सर्किट किंवा कोडची जुळवणी यांपैकी काहीतरी.
* बटणं चालतात, पण किल्ली घालून किंवा टेकवूनही इंजिन सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं: इमोबिलायझरची चिप वाचली जात नाही. इथे दहा सेल बदलले तरी फरक पडणार नाही.
* बटणं चालतात, पण हँडलला हात लावून दार उघडत नाही: एकाच दाराला होत असेल तर त्या हँडलचा सेन्सर. सगळ्या दारांना होत असेल तर कमजोर सेल किंवा स्मार्ट एंट्री सेटिंगमधून बंद.
* अगदी जवळून चालतं, लांबून नाही: सेल उतरलाय किंवा आसपास रेडिओचा गोंगाट आहे. वेगळ्या मोकळ्या जागी जाऊन पाहिलं की उलगडा होतो.
* एकच बटण मेलंय, बाकीची ठीक: सेलचा प्रश्न नाही. त्या बटणाखालचा स्विच पाहा.
* सगळी दारं उघडतात, एक उघडत नाही: त्या दाराची लॉकची मोटर. आतल्या सेंट्रल लॉकच्या बटणाने तेच दार हट्ट करतंय का पाहा, खात्री पटेल.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून टाकावी लागते. चावीवरचा लाल दिवा लुकलुकला म्हणजे रेडिओ चालतो असं नाही. दिवा फार थोड्या विजेवर लागतो, संदेश पाठवायला त्याहून जास्त लागते. दिवा लागला नाही तर सेल किंवा संपर्काचा दोष जवळपास नक्की. दिवा लागला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबायची युक्ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे. तो अवरक्त प्रकाश टाकतो, गाडीची चावी रेडिओवर बोलते. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून चावी मेली असं समजू नका.

## टप्पा २: गाडीच ऐकत नाही का?

बऱ्याचदा चावी संदेश पाठवते आणि गाडी मुद्दाम दुर्लक्ष करते. पुढच्या प्रत्येक गोष्टीवर नजर टाका:

१. एखादं दार, डिकी किंवा बॉनेट अर्धवट बंद आहे का? डॅशबोर्डवर दार उघडं दाखवत असेल तर अनेक गाड्या रिमोटने लॉक होत नाहीत.

२. इग्निशन चालू किंवा ॲक्सेसरीवर राहिलंय का? त्या स्थितीत पुष्कळ गाड्या रिमोटची बटणं मोजतच नाहीत.

३. दुसरी स्मार्ट चावी गाडीतच राहिली आहे का? ‘चावी आत आहे’ असं कळल्यावर गाडी लॉक व्हायला नकार देते. सीटखाली घसरलेली, दप्तरात विसरलेली चावी हे नेहमीचं कारण.

४. एकदा दाबल्यावर फक्त ड्रायव्हरचं दार उघडतंय का? तो बिघाड नाही, सेटिंग आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर बाकीची दारं उघडतात.

५. चावी स्वतःच झोपवली गेली आहे का? काही स्मार्ट चाव्यांना सेल वाचवायची सोय असते. टोयोटाच्या अनेक स्मार्ट चाव्यांत लॉकचं बटण धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी त्या अवस्थेत जाते, दिवा चारदा लुकलुकतो आणि हँडलला हात लावून दार उघडणं बंद होतं. खिशात हे चुकून होऊ शकतं. कोणतंही बटण दाबलं की ती जागी होते.

मग १२ व्होल्टची बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ च्या खाली गेली की रिकामीच समजा. बॅटरी उतरत चालली की गाडी आधी विजेची कामं आखडते आणि रिमोटचा रिसीव्हर त्यात सापडू शकतो. म्हणूनच बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत ‘दोन्ही चाव्या एकदम गेल्या’ असं वाटतं. बॅटरी चार्ज करा आणि मग पुन्हा टप्पा १ करा.

बॅटरी ठीक, तरी दोन्ही चाव्या बंद असतील तर सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज पाहा. त्याची जागा गाडीच्या पुस्तिकेत आणि फ्यूज पेटीच्या झाकणामागे छापलेली असते. आतल्या बटणाने सगळी दारं लॉक होत असतील तर निदान मोटरींपर्यंत वीज पोचते आहे. मग संशय रिसीव्हरवर जातो, आणि ते काम घरचं नाही.

## टप्पा ३: आजूबाजूचा अडथळा

गाडी शक्य असेल तर शंभरेक मीटर दूर, मोकळ्यावर नेऊन पाहा. त्याच फ्रिक्वेन्सीवर दारावरच्या बिनतारी घंट्या, फाटकांचे रिमोट, हवामानयंत्रांचे सेन्सर चालतात. त्यांतलं एखादं बिघडून सतत संदेश फेकत राहिलं की त्या आवारातल्या सगळ्याच गाड्यांचे रिमोट लंगडतात. शेजारच्या गाड्यांनाही त्रास होतोय का, एवढं विचारलं तरी पुरे.

गाडीच्या आतही गोंगाट करणारं असतं: हलक्या दर्जाचा यूएसबी चार्जर, डॅशकॅमेरा, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे. सगळं सॉकेटमधून उपसून पाहा. ‘चावी सापडत नाही’ असा संदेश येत असेल तर चावी मोबाइलला चिकटून, वायरलेस चार्जिंगच्या पाटावर किंवा लॅपटॉपच्या बॅगेत आहे का ते बघा. एकाच कडीत दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असतील तर त्या एकमेकींचं वाचन बिघडवतात. वेगळ्या करून पाहा. सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात चावी ठेवायची सवय असेल तर ती आधी पाकिटातून काढा. हास्यास्पद वाटतं, पण होतं.

तपासा: इथपर्यंत येऊनही एकच चावी बंद असेल तरच पुढे जा.

## टप्पा ४: तयारी

टेबलावर पांढरा कपडा पसरा. त्यावर पडलेला बारीक तुकडा दिसतो आणि घरंगळत नाही. पुढच्या वस्तू जवळ हव्यात:

* पातळ, चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा
* प्लास्टिकचा चिमटा
* मल्टिमीटर
* ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या
* नवा सेल, पाकीटबंद

सेल कोणता हे जुन्या सेलवर किंवा चावीच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं. अंदाजाने आणू नका. सीआर २०३२ मधले पहिले दोन आकडे व्यास सांगतात, २० मिलिमीटर. उरलेले दोन जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ चा व्यास तोच, जाडी २.५. सीआर २०१६ ची १.६. तिन्ही त्याच खाचेत बसतात आणि तिन्ही ३ व्होल्टचेच, त्यामुळे गफलत सोपी. २०३२ च्या जागी २०२५ घातला तर ०.७ मिलिमीटरची फट राहते. आज चालेल, खिशात हलल्यावर संपर्क तुटेल. फट भरायला चांदीचा कागद घालणं त्याहून वाईट. तो सरकला की सेल शॉर्ट. उलट २०२५ च्या जागी २०३२ कोंबला तर पट्टी कायमची वाकते.

आणखी एक सापळा जुन्या चाव्यांत आहे. काहींमध्ये दोन सीआर २०१६ एकावर एक असतात, म्हणजे ६ व्होल्ट. दोघांची मिळून जाडी ३.२ मिलिमीटर, नेमकी एका २०३२ एवढी! म्हणून त्या जागी एक २०३२ छान बसतो, पण व्होल्टेज निम्मं होतं आणि चावी मुकी राहते. याच्या उलट, एका २०३२ च्या जागी दोन २०१६ घातले तर ३ व्होल्टच्या सर्किटवर ६ व्होल्ट पडतात आणि ते जळू शकतं. जुना सेल बाहेर आल्यावर तो एक आहे की दोन, हे नीट बघा.

रिचार्ज होणारे एलआयआर २०३२ वापरू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ व्होल्टपर्यंत जातात.

इशारा: बटण सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा, उलटी करवू नका. नवा सेल पाकिटातून शेवटच्या क्षणी काढा, जुना लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळा.

## टप्पा ५: चावी उघडणं

१. पातं काढा. ज्या पोकळीत ते बसलं होतं तिथेच सहसा उघडायची खाच असते. कडेची शिवण नीट पाहा. काही चाव्यांना बारीक स्क्रूही असतो, बहुधा चिन्हाच्या झाकणाखाली.

२. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत २-३ मिलिमीटरच घाला आणि पिळा. तरफेसारखं उचलू नका. उचलल्याने आतल्या प्लास्टिकच्या कड्या तुटतात किंवा टोक थेट सर्किटवर आपटतं. एक बाजू ‘टक्’ झाली की पुढच्या कोपऱ्याकडे सरका.

३. चावी उघडताना बटणांची बाजू खाली, टेबलाकडे ठेवा. रबराचा थर आणि सर्किट जागेवर राहतं.

४. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सेलची कोणती बाजू वर आहे, पट्ट्या कशा बसल्यात, सगळं दिसलं पाहिजे. अनेक चाव्यांत अधिकची खूण खाली तोंड करून असते, आणि सेल उलटा बसण्याचं कारण तेच: ‘अधिक वर’ हे आपण गृहीत धरतो.

इशारा: दुमडणाऱ्या आणि साध्या पात्याच्या काही चाव्यांत इमोबिलायझरची चिप सर्किटवर नसते. ती पात्याच्या बुडाशी असलेल्या कप्प्यात सुटी ठेवलेली असते: तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा साधारण १२ मिलिमीटर लांबीचा काळा ठोकळा. ना तार, ना लिहिलेलं काही. प्लास्टिकचा तुकडा समजून ती झटकली जाते, किंवा चावीचं कवच बदलताना जुन्या कवचासोबत कचऱ्यात जाते. मग गाडी सुरूच होत नाही. कवच फेकण्याआधी ती कुठे आहे ते शोधाच.

## टप्पा ६: सेल मोजणं आणि बसवणं

सेल काढताना धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना टेकला की सेल शॉर्ट होतो. प्लास्टिकचा वापरा आणि पट्टीच्या उघड्या बाजूने सेल सरकवून काढा, पट्टी वर उचलून नाही.

जुना सेल मोजा, पण नुसत्या मोजणीवर विश्वास ठेवू नका. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. रिकामा मोजला तर २.९ व्होल्ट दाखवेल, आणि बटण दाबल्याक्षणी कोसळेल. म्हणून सेल चावीत असतानाच मीटरच्या टोकांनी दोन्ही पट्ट्या धरा आणि बटण दाबा. आकडा २.५ च्या आसपास किंवा खाली घसरला तर सेल संपला. जागचा हलला नाही तर सेल निर्दोष आहे आणि तो बदलून काही होणार नाही. थंडीत हा रोध आणखी वाढतो, त्यामुळे सकाळी बंद आणि दुपारी चालू अशी चावी असेल तर मीटर न लावताही सेलकडे बोट दाखवायला हरकत नाही.

नवा सेल:

१. आधी तोही मोजा. ३.२ च्या आसपास हवा. ३.० च्या खाली असेल तर बसवू नका. दुकानात पडून राहिलेला माल असेल.

२. सेल काढलेल्या स्थितीत चावीचं बटण चार-पाचदा दाबा आणि मिनिटभर थांबा. सर्किटमध्ये उरलेली वीज संपते. अडकलेला प्रोसेसर एवढ्यानेही कधी ताळ्यावर येतो.

३. मुलांनी तोंडात घातला तरी थुंकावा म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. तो वीज वाहत नाही, आणि पट्टी नेमकी लेपावर टेकली तर अगदी नवा सेलही चालत नाही. अल्कोहोलच्या काडीने दोन्ही बाजू पुसा, वाळू द्या. बोटांचं तेलही त्यात निघतं. यापुढे सेल कडेनेच धरा.

४. फोटो बघून त्याच बाजूने बसवा.

तपासा: कवच बंद करण्याआधी बटण दाबून पाहा. चालली तर बंद करा, आणि बंद केल्यावर पुन्हा पाहा. उघडी चालते आणि बंद केल्यावर नाही, असं असेल तर रबर सरकलंय किंवा पट्टी दबून सेलपासून सुटते आहे.

सेल बदलल्यामुळे जुळवणी पुसली जाते ही समजूत बहुतेक चाव्यांबाबत चुकीची आहे. ओळख ज्या स्मृतीत असते ती विजेशिवाय टिकते. काही जुन्या चाव्यांना मात्र सेलनंतर टप्पा ८ मधली छोटी जुळवणी लागते.

## टप्पा ७: नवा सेल घालूनही चावी गप्प

पट्ट्या. हिरवट किंवा पांढरा थर असेल तर अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो आणि गंज वेगाने परततो. सेल सैल हलत असेल तर पट्टी अर्धा मिलिमीटरच आत दाबा. सर्किटवरून सुटी करून वाकवू नका.

टाके, म्हणजे सोल्डरिंगचे जोड. चावी पडण्याने सर्वांत जास्त तुटतो तो पट्टी सर्किटला जोडणारा टाका. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. पट्टीला बोटाने हलकेच दाबून धरलं की चावी चालते आणि सोडलं की बंद, ही तिची खूण. दुरुस्ती सोपी आहे: सेल काढा, सोल्डरिंगची इस्त्री साधारण ३५० अंशांवर, थोडं फ्लक्स, दोन-तीन सेकंद, बस. सेल जागेवर असताना इस्त्री लावू नका. लिथियम सेल तापला तर फुटू शकतो.

बटणं. रबर बाजूला करून सर्किटवरचा छोटा चौकोनी स्विच प्लास्टिकच्या टोकाने थेट दाबा. असा चालला तर रबराचा मधला उंचवटा झिजलाय. कवच किंवा रबर बदललं की काम होतं. ‘टिक्’ होत नसेल किंवा बटण दबलेलंच राहत असेल तर स्विच गेला. दबलेलं बटण दुहेरी नुकसान करतं: चावी सतत संदेश पाठवत राहते आणि नवा सेल भराभर रिकामा होतो. सेल बदलूनही थोड्याच दिवसांत संपत असेल तर आधी हे बघा, आणि मग चावी कुठे ठेवता ते. स्मार्ट चावी गाडीच्या अगदी जवळ टांगलेली असेल तर ती पुन्हा पुन्हा जागी होते. टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर यांच्यापासूनही ती निदान मीटरभर लांब असावी.

फ्रिक्वेन्सीचा भाग. जोरात आपटलेल्या चावीत क्रिस्टल किंवा रेझोनेटर फुटतो. दिवा लागतो, सेल ठीक, स्विच ठीक, टाके ठीक आणि तरी गाडी बहिरी. हे डोळ्यांनी दिसत नाही. चावी बनवणाऱ्यांकडे हातात मावणारा फ्रिक्वेन्सी टेस्टर असतो. चावी टेकवून बटण दाबलं की आकडा दिसतो. आकडा येत नसेल किंवा भलताच येत असेल तर सर्किट गेलं. चावी सोडून येण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी समोर करून घ्या.

### चावी पाण्यात पडली असेल तर

बटण दाबून ‘चालते का’ ते पाहू नका. सेल लगेच काढा. ओल्या सर्किटला हानी पाण्याने जितकी होते त्याहून जास्त वाहत्या विजेने होते. खारं, साबणाचं किंवा गढूळ पाणी असेल तर सर्किट डिस्टिल्ड पाण्याने विसळा, मग अल्कोहोलने धुवा, मऊ ब्रश फिरवा आणि हवेशीर जागी २४ ते ४८ तास ठेवा. हेअर ड्रायरच्या गरम झोताने रबर आणि प्लास्टिक वाकतं. तांदळाच्या डब्याने काही साधत नाही, उलट भुसा आत जातो. पूर्ण वाळल्यावर नवा सेल घाला; भिजलेला जुना पुन्हा वापरू नका.

## टप्पा ८: कोडची जुळवणी

दर वेळी बटण दाबल्यावर चावी नवा कोड पाठवते आणि चावी-गाडी दोघी पुढचा आकडा मोजत राहतात. गाडीपासून लांब असताना बटण खूपदा दाबलं गेलं, मुलाच्या हातात खेळायला दिलं, तर चावी पुढे जाते आणि गाडी मागे राहते. बऱ्याच काळापासून वापरात असलेल्या एका पद्धतीत गाडी पुढचे १६ कोड सहज स्वीकारते. त्यापलीकडे गेलं तर लागोपाठचे दोन कोड मिळेपर्यंत दार उघडत नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. गाडीच्या अगदी शेजारी उभे राहा, तेच बटण दोन-तीनदा, मध्ये सेकंदभर थांबून दाबा. जमलं नाही तर पात्याने दार उघडा, इग्निशन चालू करा पण इंजिन नको, आणि लॉकचं बटण काही सेकंद धरा. स्मार्ट चावी असेल तर ती टेकवून गाडी एकदा सुरू करा, बंद करा, उतरून बटण तपासा. नेमका क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. गाडीची पुस्तिका सांगेल तेच खरं.

इशारा: इंटरनेटवरच्या व्हिडिओतले ‘पाच वेळा इग्निशन चालू-बंद, मग दार तीनदा’ असले क्रम दुसऱ्या मॉडेलचे असतील तर करू नका. काही गाड्यांत त्याने नव्या चाव्या नोंदवायची अवस्था सुरू होते आणि आधीच्या नोंदी पुसल्या जातात. एक चावी दुरुस्त करताना दोन्ही जातात.

## टप्पा ९: प्रोग्रॅमिंगला जाताना

इथपर्यंतच्या तपासण्या झाल्यावरच ही वेळ आली असं म्हणता येतं. बटणांची नोंद आणि इमोबिलायझरची नोंद बऱ्याच गाड्यांत वेगवेगळी असते. तुमचं नेमकं काय बंद आहे ते टप्पा १ मध्ये कळलंय. तेवढंच सांगा, म्हणजे नको ते काम गळ्यात पडणार नाही.

१. सगळ्या चाव्या सोबत न्या, चालणाऱ्याही. अनेक गाड्यांत नोंदणीच्या वेळी हजर नसलेली चावी यादीतून निघून जाते. चावी हरवली असेल तर हीच गोष्ट कामाची: हरवलेलीची नोंद आवर्जून पुसून घ्या.

२. गाडीचे मालकीचे कागद आणि असेल तर चावीसोबत आलेला कोड न्या.

३. बदली चावी दिसायला सारखी असून भागत नाही. मागच्या बाजूचा पार्ट नंबर, फ्रिक्वेन्सी आणि चिपचा प्रकार, तिन्ही जुळले पाहिजेत. ३१५ ची चावी ४३३ च्या गाडीत कितीही वेळा प्रोग्रॅम केली तरी बटणं चालणार नाहीत.

४. दुसऱ्या गाडीची वापरलेली स्मार्ट चावी घेताना विचारा. अनेकींची चिप पहिल्या गाडीशी कायमची बांधली जाते आणि आधी मोकळी केल्याशिवाय नव्या गाडीत नोंदवली जात नाही.

५. नोंदणी चालू असताना गाडीची बॅटरी खाली गेली तर काम अर्ध्यावर तुटतं आणि गाडीचं कंट्रोल युनिट अडकू शकतं. बॅटरीला चार्जर जोडलेला आहे ना, ते बघा.

काम झाल्यावर तिथून निघण्याआधी प्रत्येक चावीने चारही गोष्टी करून पाहा: बटणाने लॉक-अनलॉक, हँडलला हात लावून दार उघडणं, इंजिन सुरू करणं आणि पात्याने दाराचं कुलूप फिरवणं. नवं पातं कापलं असेल तर ते ड्रायव्हरच्या दारात दोन्ही बाजूंना न अडखळता फिरलं पाहिजे. अडकत असेल तर तिथल्या तिथे पुन्हा कापून घ्या.